तिसऱ्या दासाची बाजू : न्गूगी यांच्या एका कादंबरीविषयी

१९७७ सालच्या डिसेंबरअखेरीस एका रात्री केनियातील लिमुरू या गावी नैरोबी विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या घरी पोलीस आले व त्यांना घेऊन गेले. आरोपपत्र नव्हते, खटलाही झाला नाही. कामिती येथील कडेकोट तुरुंगात त्यांनी सुमारे एक वर्ष काढले. त्यांचा अपराध एवढाच, की गावातील शेतकरी व मजूर यांना हाताशी धरून त्यांनी स्थानिक गिकुयू भाषेत एक नाटक रंगभूमीवर आणले होते. आजवर इंग्रजीत कादंबऱ्या लिहून नावारूपास आलेल्या या लेखकास कोणी अटक केली नव्हती. तो आपल्या आईच्या भाषेत बोलू लागला, तेव्हा स्वतंत्र देशाच्या सरकारला त्याची भीती वाटली. तुरुंगात लिहावयास कागद मिळेना, म्हणून शौचालयाच्या खरखरीत कागदावर त्यांनी गिकुयू भाषेतच एक कादंबरी लिहून काढली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली व लेखकानेच केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९८२ साली निघाले. लेखकाचे नाव न्गूगी वा थिओंगो. २०२५ सालच्या मे महिन्यात, आयुष्याची अनेक वर्षे परदेशी काढल्यावर, ते अमेरिकेत निवर्तले. त्यानिमित्त आम्ही ही कादंबरी पुन्हा वाचावयास घेतली.

तिचे मूळ नाव 'शाइतानी मोथारबाइनी', म्हणजे वधस्तंभावरील सैतान. पहिला शब्द मराठी कानास परका वाटणार नाही. अरबी भाषेतून निघालेला तो शब्द एका वाटेने आपल्याकडे आला व दुसऱ्या वाटेने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. आमच्या काही सेवक बंधूंनी केवळ या नावावरून पुस्तक दूर ठेवले, हे आम्ही जाणतो. ज्या स्तंभावर आपला प्रभू खिळला गेला तेथे सैतानास टांगणे ही निंदा नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुस्तक वाचूनच दिले पाहिजे.

कथेची नायिका जसिंटा वारिंगा ही एक गरीब घरची मुलगी. यंत्रज्ञ होण्याचे तिचे स्वप्न असते. शाळकरी वयातच एक धनाढ्य म्हातारा तिला फसवितो व गरोदर राहिल्यावर टाकून देतो. पुढे ती टंकलेखन शिकून नैरोबीत नोकरी धरते. मालकाच्या वासनेस नकार दिल्यामुळे ती नोकरी जाते आणि पाठोपाठ खोलीही जाते. शाळेत असल्यापासून तिला एक स्वप्न पडत आलेले असते. फाटक्या वस्त्रांतील लोकांचा समुदाय सैतानास पकडून वधस्तंभाकडे नेतो व तेथे खिळतो. सैतान उंची पोशाखात आहे. समुदाय गाणी गात निघून जातो. तिसऱ्या दिवशी कोट व गळपट्टे घातलेले काही लोक येतात, काळोखाचा आडोसा घेऊन त्याला हळूच खाली उतरवितात आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून त्याच्या कपटातील काही अंश मागून घेतात. मागता मागता त्यांची पोटे फुगू लागतात.

आमच्या मते सबंध पुस्तक या एका स्वप्नात सामावलेले आहे. केनियाने १२ डिसेंबर १९६३ रोजी परक्या सत्तेस खाली खेचले, हे लेखक नाकारीत नाहीत. जनतेने सैतानास खिळले हे सत्य होते. मात्र त्याला पुरण्याचे काम कोणी केले नाही. आणि त्याला पुन्हा उठविण्यासाठी समुद्रापलीकडून कोणास यावे लागले नाही, ते काम घरच्या माणसांनी केले. येथे वधस्तंभाची विटंबना आहे असे आम्हास वाटत नाही. उलट तिसऱ्या दिवसाचे महत्त्व ज्याच्या हाडामांसात मुरले आहे, त्यालाच हे उलटे पुनरुत्थान सुचू शकते. ज्यांना पुनरुत्थान ठाऊक नाही, त्यांना हे स्वप्न वाचून धक्का बसण्याचे कारणच नाही.

हे स्वप्न कोठून आले हे कळण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. केनियाच्या उंच, थंड व सुपीक पठारावरील जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांनी घेतल्या व मूळच्या कसणाऱ्यांस त्यांच्याच रानात मजूर केले. १९५२ साली आणीबाणी पुकारली गेली. जंगलात जाऊन लढणारे माऊ माऊ सैनिक प्रामुख्याने या जमिनीसाठी लढले. स्वातंत्र्य आले तेव्हा ती जमीन परत मिळाली नाही. ती विकत घ्यावी लागली. ब्रिटन व जागतिक बँक यांच्याकडून कर्ज काढून गोऱ्या मालकांस मोल चुकते केले गेले आणि त्या कर्जाचे हप्ते छोट्या शेतकऱ्यांच्या माथी आले. ज्यांच्याजवळ पैसा अथवा ओळख होती, त्यांनी मोठमोठे मळे जसेच्या तसे घेतले. आपल्याच वतनाचे मोल चोरास चुकते करणे व तेही चोराच्याच मित्राकडून कर्ज काढून, हा प्रकार नहेम्याच्या पाचव्या अध्यायातील लोकांना ओळखता आला असता. शेते व द्राक्षमळे गहाण पडल्याची त्यांची ओरड परक्या राजाविरुद्ध नव्हती, आपल्याच यहूदी भाऊबंदांविरुद्ध होती.

गोव्यातील आमच्या वाचकांसाठी येथे एक नाव नमूद करणे अवश्य आहे. पियो गामा पिंटो यांचा जन्म १९२७ साली नैरोबीत एका गोमंतकीय कुटुंबात झाला. शिक्षण भारतात झाले व पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या गोव्याच्या चळवळीत ते पडले. १९४९ साली ते केनियास परतले, तेथील लढ्यात सामील झाले आणि १९५४ पासून कित्येक वर्षे ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत राहिले. देश स्वतंत्र झाल्यावर ते संसदेत गेले. जमीन व संपत्ती मूठभरांच्या हाती जाऊ नये असा आग्रह ते धरीत. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, स्वातंत्र्यास सव्वा वर्षही झाले नव्हते तेव्हा, नैरोबीत त्यांच्या घराच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. इंग्रजांनी त्यांना कोठडीत ठेवले होते, पण जिवंत ठेवले होते. कादंबरीत पिंटोंची कथा नाही. तरी ती वाचताना त्यांची आठवण आम्हास पुनःपुन्हा झाली.

कादंबरीतील वांगारी ही या इतिहासाचीच लेक. लढ्याच्या काळात जीव धोक्यात घालून तिने जंगलातील सैनिकांस शस्त्रे पोहोचविलेली असतात. स्वातंत्र्यानंतर कर्ज फेडता न आल्यामुळे बँक तिच्या जमिनीच्या तुकड्याचा लिलाव करते. कामाच्या शोधात नैरोबीत फिरताना पोलीस तिलाच चोर म्हणून पकडतात. ती, वारिंगा, मुतुरी नावाचा कामगार, संगीताचा अभ्यासक गातुइरिया व मुकिराई नावाचा शिकलासवरला धंदेवाला हे सर्व म्वाउराच्या खडखडणाऱ्या जुन्या गाडीतून इल्मोरोगकडे निघतात. तेथे एका गुहेत चोर व दरोडेखोर यांची स्पर्धा भरणार असते. अमेरिका, इंग्लंड, जपान अशा देशांचे पाहुणे परीक्षक म्हणून आलेले असतात. एकामागून एक स्पर्धक व्यासपीठावर चढतो व आपण जनतेस कसे लुटले हे अभिमानाने सांगतो. गितुतु नावाचा एक भूमिसम्राट तर पुढील बेतही सांगून टाकतो : माती डब्यांतून व हवा बाटल्यांतून विकावयाची, म्हणजे गरिबास श्वासदेखील विकत घ्यावा लागेल. ही गुहेतील प्रकरणे पुस्तकाचा गाभा होत. हसता हसता वाचकाच्या घशास कोरड पडते.

या मेळाव्याच्या प्रारंभी व्यासपीठावरून एक दाखला सांगितला जातो आणि सेवक व धर्मशिक्षक यांनी थांबून विचार करावा असे स्थळ हेच. तो मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखला आहे. मात्र त्यातील धनी परदेशी गेलेला सद्गृहस्थ नाही. जनता आपल्याला या देशातून हाकलणार हे ज्याला कळून चुकले आहे, असा तो राज्यकर्ता आहे. जाण्यापूर्वी तो आपल्या विश्वासू दासांस बोलावून माल त्यांच्या स्वाधीन करतो. निशाण बदलते, गाणे बदलते, आणि धनी मागल्या दाराने परत येऊन हिशेब मागतो. पहिले दोघे दास दुप्पट करून देतात व शाबासकी मिळवितात. तिसऱ्याने रक्कम डब्यात घालून पुरून ठेवलेली असते. माणसाचा घाम गळल्याशिवाय तुझा पैसा स्वतःहून वाढतो की काय, हे मला पाहावयाचे होते, असे त्याचे म्हणणे. तो धन्याचे धन्याला जसेच्या तसे परत करतो, आणि त्याच्यावर शिपाई सोडले जातात.

आम्ही येथे आमचीच एक गोष्ट कबूल करितो. उपकारस्तुतीच्या उपासनेत हा दाखला आम्ही कित्येक वर्षे घेत आलो. देवाने दिलेले गुण वाढवा, मंडळीच्या कार्यास हातभार लावा, एवढाच अर्थ आम्ही सांगत असू आणि त्यानंतर दानाची थाळी फिरत असे. इंग्रजीत हा अर्थ सोपा जातो, कारण तेथे या दाखल्यातील नाण्याचे नावच पुढे 'अंगचा गुण' या अर्थाने रूढ झाले. आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या मराठी शास्त्रात मात्र सरळ हजारांच्या हिशेबाने 'रुपये' असा शब्द आहे. रुपयांस गुण समजण्याची सोय मराठीने आपल्यास दिलेली नव्हती. तरी आम्ही ती इंग्रजी प्रवचनांतून उसनी घेतली. खेड्यातील ऐकणाऱ्यास रुपये ऐकू येत होते, व्याज ऐकू येत होते, आणि पेरले नाही तेथे कापणारा धनीही ऐकू येत होता. तो धनी कोण हे त्याला आमच्याहून अधिक ठाऊक होते.

तेव्हा न्गूगी यांनी दाखल्याची मोडतोड केली, हा आक्षेप आम्ही सहजी मान्य करणार नाही. तिसरा दास धन्यास तोंडावर कठोर म्हणतो व धनी ते नाकारीत नाही, हे मूळ वचनातच आहे. पैसा सावकारांकडे ठेवून व्याज का घेतले नाही, असे जो धनी विचारतो, तो गरीब भावाकडून व्याज घेण्यास मनाई करणाऱ्या मोशेच्या नियमशास्त्राची पर्वा करताना दिसत नाही. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील मोहरांचा दाखला तर याहून उघड आहे. एक उमराव राज्य मिळवून परत येण्यासाठी दूर देशी जातो आणि हा आम्हावर राज्य करावयास नको असे सांगण्यास प्रजा त्याच्यामागे वकील पाठविते. ख्रिस्तपूर्व ४ साली हेरोदाचा पुत्र अर्खेलाव राज्यपद मागावयास रोमला गेला होता आणि यहूदी लोकांचे शिष्टमंडळ त्याच्याविरुद्ध कैसराकडे गेले होते, हे योसेफसने लिहून ठेवले आहे. याच अर्खेलावाने यरीहो येथील राजवाडा पुन्हा बांधला. लूकच्या वृत्तांतात प्रभू हा दाखला यरीहोच्या परिसरातच, जक्कयाच्या भेटीनंतर सांगतो. ऐकणाऱ्यांस तो राजवाडा आठवला नसेल काय? ज्याचे सिंहासन परक्या राजधानीत मंजूर होते, त्याची प्रजा स्वतंत्र की परतंत्र, हा प्रश्न त्यांनाही होताच. १९९४ साली विल्यम हर्झोग या अमेरिकन अभ्यासकाने दाखल्यांवरील आपल्या ग्रंथात तिसऱ्या दासाची बाजू घेतली, तेव्हा पंडितांत मोठी चर्चा झाली. तुरुंगातील एका कादंबरीकारास ती बाजू कितीतरी आधी दिसली होती.

येथे आम्ही एक मर्यादा घालू इच्छितो. मत्तयाने हा दाखला दहा कुमारींच्या दाखल्यानंतर व मेंढरे आणि शेरडे यांच्या न्यायापूर्वी ठेविला आहे. प्रभूच्या येण्याची वाट पाहणाऱ्या मंडळीस तो उद्देशून आहे, हा परंपरागत अर्थ टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो अर्थ सांगताना प्रत्येक जमीनदाराच्या व सावकाराच्या चेहऱ्यावर देवाचा चेहरा चिकटवून टाकण्याचा अधिकार आपल्यास कोणी दिला, हे न्गूगी विचारतात, आणि आमच्यापाशी त्याचे उत्तर नाही.

स्पर्धेत सर्वांत मार्मिक भाषण मुकिराईचे आहे. परकीयांची भागीदारी आता पुरे, आपली चोरी आपण स्वतः करू, स्वदेशी चोर परदेशी चोरांहून उणे नाहीत, असे तो ठणकावतो. पाहुणे संतापतात व यजमानांची तारांबळ उडते. वरवर पाहता तो एकटाच सार्वभौमत्वाची भाषा बोलत असतो. तथापि त्याच्या सार्वभौमत्वात वांगारीची जमीन परत येण्याची तरतूद नाही. न्यायावाचून स्वातंत्र्य मागणाऱ्याचे इतके नेमके चित्र आम्ही अन्यत्र पाहिले नाही. पुढे म्वाउराच्याच गाडीत त्याचा अंत होतो, आणि तो अपघात नव्हे हे वाचकास कळून चुकते.

एवढे गुण सांगितल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. स्पर्धकांची भाषणे लांबत जातात, आणि चौथ्या पाचव्या चोरापर्यंत पोहोचताना वाचक थकतो. मूळ गिकुयूत ती मोठ्याने वाचली जात असत. घरांत, गाड्यांत व मद्यालयांत लोक जमून ही कादंबरी ऐकत, असे न्गूगी यांनीच लिहिले आहे. तेथे ती रंगत असतील. इंग्रजीत एकान्ती वाचताना त्या रंगाचा पुष्कळ भाग उडून जातो. मुतुरी व वांगारी यांच्या अंगी एकही दोष नाही, त्यामुळे ती माणसे न राहता झेंडे होतात. म्वाउरा मात्र खराखुरा माणूस आहे. तोही कष्टकरी. तरी पैशासाठी कोणाचीही गाडी हाकावयास तो तयार असतो. सैतान गरिबाच्या खोपटातही जागा मागतो, हे लेखकाने फक्त त्याच्या ठायी दाखविले व तेथून पुढे नेले नाही, ही आमची मुख्य तक्रार.

शेवटही आम्हास पटला नाही. दोन वर्षांनी वारिंगा यंत्रज्ञ झालेली असते व तिचे गातुइरियाशी लग्न ठरते. त्याच्या वडिलांस भेटावयास जाते, तो तिला फसविणारा म्हातारा हाच. ती पिस्तूल काढून त्यास ठार करते व चालू लागते. गातुइरिया कोणाच्या मागे जावे हे न कळून उभा राहतो. सूड समाधान देतो, हे खरे. परंतु पुस्तकाच्या आरंभीचे स्वप्न याहून शहाणे होते. सैतान एका देहात नाही, त्याला खाली उतरवून घेणारे हात जोवर आहेत तोवर तो पुन्हा उठेल, असे ते स्वप्न सांगत होते. मग एका म्हाताऱ्यास गोळी घातल्याने काय झाले? लेखकाने आपल्याच स्वप्नाचे ऐकले नाही. ख्रिस्ती समीक्षकाचा आक्षेप खरे तर येथे असावयास हवा. पण पाहावे तो सारी नाराजी शीर्षकावर खर्च झालेली.

मंडळीविषयी न्गूगी यांचा राग जुना होता. मार्च १९७० मध्ये पूर्व आफ्रिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीच्या महासभेपुढे भाषण करताना आपण ख्रिस्ती नाही असे त्यांनी प्रारंभीच सांगितले. भाषण संपल्यावर एक वृद्ध काठी उगारून उठला व म्हणाला, ख्रिस्ती नाही म्हणतोस, मग तुझे नाव जेम्स कसे? पुढे त्यांनी ते नाव टाकले. आम्हास तो वृद्ध आवडतो. त्याने लेखकाला गप्प करण्याऐवजी त्याचे बोलणे शेवटास नेण्यास भाग पाडले. ज्या नाटकामुळे त्यांना अटक झाली त्यातही धनाढ्य जोडप्याची नावे अहाब व ईजबेल आहेत. ती दोघे एका गरीब शेतकऱ्यास चर्चमध्ये रीतसर विवाह करून घेण्याचा आग्रह करतात, विवाहाच्या खर्चासाठी तो जमिनीचा कागद बँकेत ठेवतो आणि दीड एकर जमीन जाते. नाबोथाचा द्राक्षमळा यावेळी साक्रामेंताच्या नावाने गेला. धर्मशिक्षकांनी हे नाटक अवश्य वाचावे. लग्नासाठी कर्ज काढणारी कुटुंबे आपल्याही मंडळ्यांत आहेत.

मात्र न्गूगी यांच्या पानांवरील मंडळी ही बहुधा साहेबाचीच मंडळी राहते. हे न्याय्य नाही. ज्या प्रेस्बिटेरियन मंडळीपुढे त्यांनी भाषण केले, तिचेच सरचिटणीस जॉन गाटू यांनी १९७१ साली परदेशी मिशनरी व परदेशी पैसा काही काळ थांबवावा, अशी जाहीर मागणी केली. मंडळीस स्वतःच्या पायांवर उभे राहता येते की नाही हे तिला एकदा पाहू द्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९७४ साली लुसाका येथील आफ्रिकी चर्चपरिषदेत तो विषय पुढे चालला. पुढे अँग्लिकन बिशप डेव्हिड गिटारी यांनी व्यासपीठावरून निवडणुकांतील गैरप्रकारांवर कोरडे ओढले. मुकिराईने मागितले त्याहून निराळे स्वातंत्र्य ही माणसे मागत होती. त्यांच्यापैकी एकासही कादंबरीत जागा मिळाली असती, तर गुहेबाहेरचे जग अधिक खरे झाले असते.

कादंबरीतील हिशेब अद्याप मिटलेला नाही. जून २०२४ मध्ये, कर्जाच्या ओझ्याखाली आलेल्या केनिया सरकारने कर वाढविणारे विधेयक आणले, तेव्हा तरुणांचे लोंढे रस्त्यावर आले. २५ जून रोजी ते संसदेत शिरले. माणसे मेली व विधेयक मागे घ्यावे लागले. त्या दिवसांत तरुणांचा रोष चर्चवरही होता, कारण रविवारच्या उपासनेत पुढारी येत, वेदीजवळ उभे राहून भाषण करीत व मोठ्या देणग्या जाहीर करीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी नैरोबीतील एका कॅथलिक चर्चला अशी रोख देणगी दिली. आर्चबिशप फिलिप अन्योलो यांनी ती स्वीकारावयाची नाही असे जाहीर केले आणि दिलेला पैसा दात्यास परत करण्यात येईल असे कळविले. दाखल्यातील तिसऱ्या दासाने तरी याहून वेगळे काय केले होते?